सायकियाट्रीत आल्यावर स्टेथो कपाटात ठेवायचा का?

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. दोन शिकणाऱ्या डॉक्टरांची आणि एक आईचं. तिन्ही पत्रांत विषय एकच निघाला, मनाच्या डॉक्टरनं पेशंटच्या अंगाला हात लावायचा की नाही, म्हणून एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न : मॅडम, मी नागपूरला सायकियाट्रीत (मनोविकार विभागात) जेआर-टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाची ज्युनियर रेसिडेंट आहे. परवा राऊंडला सर एका पेशंटचे रिफ्लेक्सेस (हातोडीनं ठोकल्यावर येणारे स्नायूंचे झटके) काढून दाखव म्हणाले आणि मला हॅमर नेमका कुठं मारायचा तेच सुचेना, पेशंटसमोर हात थरथरायला लागले. एमबीबीएसला मी हे सगळं चांगलं करायची हो, मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला मला सीएनएसचीच (मेंदू-मज्जासंस्थेची) केस आली होती. दीड वर्षात कुठं गेलं सगळं? आमच्या केस शीटवर फिजिकलचा, म्हणजे अंगतपासणीचा, रकाना असतो पण सगळे तो सारखाच भरतात. सीनियर म्हणतात मेडिसिनला कॉल टाक ना, तू कशाला करते, आपलं काम मेंटल स्टेटसचं, मनाची स्थिती तपासायचं. खरंच आपण करायला पाहिजे का? आणि करायचं तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : बेटा, हे हात थरथरणं तुझ्या एकटीचं नाहीये. दरवर्षी नवीन बॅच येते आणि दरवर्षी मी हेच बघते, ज्या पोरापोरींनी एमबीबीएसला बोटांनी बरोबर स्प्लीन (प्लीहा) शोधलेली असते तीच पोरं आपल्याकडे आली की वर्ष-दीड वर्षात पेशंटच्या पोटाला हात लावायला बिचकतात. ही विद्या डोक्यात कमी आणि हातात जास्त असते, वर्षभर पोळ्या लाटल्या नाहीत तर त्या कशा येतात तसंच हे. पण हाताला परत वळण लागतं, तेही लवकर, त्याची काळजी करू नको.

तो रकाना मला तोंडपाठ आहे. सीव्हीएस एस-वन एस-टू हर्ड, आरएस क्लिअर, पी-ए सॉफ्ट, सीएनएस एनएडी. म्हणजे हृदय, छाती, पोट, मेंदू सगळं ठीक, एनएडी म्हणजे काही दोष आढळला नाही. मीही तो तसाच भरायची आणि त्याचं काय झालं ते तुला सांगते, हॉस्पिटलचं नाव मात्र सांगत नाही.

मी जेआर होते, पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. भंडाऱ्याकडची एक बाई, तीस-बत्तीसची, नवरा आणि सासू घेऊन आले. चार दिवसांपासून बडबडते, रात्री उठून अंगणात जाते, भिंतीवर माणसं दिसतात म्हणते, जेवत नाही. गावात आधी झाडफूक झालेली, मग कोणी म्हणालं नागपूरला मेंटलच्या डॉक्टरला दाखवा. कॅज्युअल्टीतून चिठ्ठी आली तीच 'सायकोसिस' (वास्तवाचं भान सुटणं) लिहून. मी तिच्यासमोर चाळीस मिनिटं बसले, कोण दिसतं, काय म्हणतं, आवाज आतून येतो की बाहेरून, सगळं व्यवस्थित लिहिलं, दीड पान भरलं. ताप थोडा होता, आम्ही म्हटलं खात-पीत नाही म्हणून असेल. इंजेक्शन दिलं, ती झोपली, मी पण झोपले.

सकाळी वॉर्डातली मावशी तिचं अंग पुसत होती, तिनं मला हाक मारली, "मॅडम, इकडं या ना, हिच्या काखेत हे काऊन असं जळल्यासारखं दिसते?" मी जाऊन बाईचा हात वर केला. काखेच्या खालच्या बाजूला, ब्लाउजची शिवण येते तिथं, तुरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काळी खपली, कडेनं लाल रिंगण, सिगरेटचा चटका बसावा तशी, आणि आत काखेत गाठी बोटाला लागत होत्या. खपलीवर बोट ठेवलं तरी ती हूं की चूं करत नव्हती, कारण ही खपली दुखत नाही. स्क्रब टायफस. धानाच्या बांधीत निंदण करताना, गवतात बसताना बारीक किड्याचं पिल्लू चावतं आणि जिथं चावतं तिथं ही खपली येते. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू झालं, दोन दिवसांत ताप उतरला, भिंतीवरची माणसं गेली आणि तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "बाई, माह्या पोराले कोनं जेवाले देल्लं असन?"

आदल्या रात्रीच्या केस शीटवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, जनरल एक्झामिनेशन एनएडी. ते पान मला अजून दिसतं.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या भागातून स्क्रब टायफसचे पेशंट भराभर आले तेव्हा हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला, पण खपली असते कपड्याच्या आत, काखेत, जांघेत, छातीखाली, नाडी बांधतात तिथं, आणि कपडा बाजूला केल्याशिवाय ती कोणत्याच मशीनला दिसत नाही. आता मागं वळून बघितलं तर तिच्या हकीगतीतच सगळं होतं, चार दिवसांत सुरू झालेलं, रात्री वाढणारं, आवाजापेक्षा दिसणारे भास जास्त, सोबत ताप. असं ऐकलं की आधी डेलिरियमच (अंगाच्या आजारानं अचानक आलेला मेंदूचा गोंधळ) धरायचा, पेशंटला महिने उलटे म्हणायला लावायचं, शाळा शिकलेली नसेल तर वार उलटे, दोन्ही हात पुढं करून मनगटं मागं वळवायला सांगायचं आणि पंजे फडफडतात का ते बघायचं. पाच मिनिटंही लागत नाहीत.

आता तुझ्या सीनियरचं म्हणणं. कॉल जरूर टाकायचा, पण रात्री दोन वाजता मेडिसिनच्या ज्या पोराला तू बोलावते त्याच्याकडे स्वतःचा वॉर्ड भरलेला असतो, आणि नुसतं 'सायकियाट्रीचा पेशंट, फिजिकल व्हावं' असं लिहून गेलं तर तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून दोन ओळी लिहून जाणार, त्याचाही दोष नाही. तेच तू फोनवर सांगितलंस की हॅलोपेरिडॉलचा (भास-भ्रमांवरच्या औषधाचा) तिसरा दिवस आहे, ताप १०३, पल्स १३०, दोन्ही हात शिशाच्या नळीसारखे कडक लागताहेत आणि काल असे नव्हते, तर तो धावत येतो. काल असे नव्हते हे फक्त तूच सांगू शकते, कारण काल तू हात वाकवून बघितले होते. आपली औषधं आपण देतो, ती अंगात काय करताहेत हे बघणं दुसऱ्या डिपार्टमेंटवर सोडून कसं चालेल?

आणि नागपुरात तर याला उन्हाळा जोडून घे. मे महिन्यात ४५-४६ डिग्री, पेशंट लिथियमवर (मूड स्थिर ठेवायचं औषध), घाम भरपूर, पाणी कमी, वरून कोणी कंबरदुखीसाठी पेनकिलर दिलेली, लिथियम वाढायला एवढं पुरे. घरचे सांगतात परत बिघडला, बरळतो, तोल जातो. हात पुढं करायला लावले की कळतं. लिथियमवर नेहमी असते ती बारीक थरथर वेगळी आणि ही जाड, हात उडवणारी थरथर वेगळी, जीभ जड, चालताना पाय फाकवून टाकतो. हे दिसलं की रक्तातल्या लेव्हलच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, लिथियम थांबवायचं आणि उपचाराची धावपळ सुरू करायची. लेव्हल १.५ च्या वर गेली की धोका हे पुस्तकात आहे, पण म्हाताऱ्या माणसात त्याच्या आतही अशी अवस्था होते.

दुसरं उन्हाळ्याचंच. पेशंट अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरचं औषध) आणि त्याच्या जोडीला देतात त्या ट्रायहेक्सीवर, दोन्हींनी घाम कमी होतो, दुपारी तापानं फणफणलेला आणला. हीट स्ट्रोक, एनएमएस (अँटिसायकोटिकची जीवघेणी प्रतिक्रिया) की सेरोटोनिन सिंड्रोम (सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधांचा अतिरेक)? ताप तिघांत, गोंधळ तिघांत, पल्स तिघांत वाढलेली. फरक तुझ्या हाताला कळतो. काखेत हात घाल, हीट स्ट्रोकमधे, त्यातही अशा औषधांवर, बहुतेक वेळा कातडी कोरडी आणि गरम, अंग ढिलं. एनएमएसमधे घाम फुटलेला आणि स्नायू कडक, रिफ्लेक्स मंद. सेरोटोनिनमधे रिफ्लेक्स उसळतात, पायात जास्त, बुबुळाची काळी बाहुली मोठी, पोटात आवाजच आवाज, आणि गुडघा थोडा वाकवून पाऊल झटक्यानं वर दाबलंस की घोटा ठक ठक ठक उडत राहतो, तो क्लोनस. मग औषधांची पिशवी पलंगावर उलटी करायला सांग, एसएसआरआयच्या (डिप्रेशनच्या गोळ्यांच्या) जोडीला ऑर्थोवाल्यांचं ट्रामाडॉल हे पेनकिलर निघतं, टीबीसाठी चालू असलेलं लिनेझोलिड निघतं.

कॅटॅटोनियाचं (माणूस गोठल्यासारखा होतो ती अवस्था) पण तेच, तो नुसतं समोर बसून सापडत नाही. त्याची लक्षणं मोजायचं बुश-फ्रान्सिस स्केल १९९६ चं आहे, त्यातले पहिले १४ मुद्दे स्क्रीनिंगचे, पण लोक स्केल भरतात आणि तपासणी करत नाहीत. पेशंटला सांग हात हलवू द्यायचा नाही आणि एका बोटानं त्याचा हात हलकेच वर ढकल, तो टेबलावरच्या वळवायच्या दिव्याच्या दांड्यासारखा वर वर गेला तर कॅटॅटोनिया समजायचं. शेकहँडला हात पुढं कर आणि तोंडानं म्हण हात देऊ नका, तो अर्धा पुढं येऊन अडकतो का बघ. मी पहिल्यांदा हे करताना मला पेशंटला फसवल्यासारखं वाटलं होतं, नंतर लोराझेपाम दिल्यावर तासाभरात तोच माणूस उठून बसून पाणी मागताना बघितला आणि ती भावना गेली.

आपल्या नागपुरात मेंटल हॉस्पिटलच्या चौकाला अजूनही कितीतरी लोक 'पागलखाना चौक' असंच म्हणतात. तो शिक्का पेशंटवर बसला की त्याच्या पोटदुखीलाही मेंटलचंच म्हणतात. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं बाकीच्यांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात असं डब्ल्यूएचओ सांगते आणि त्यातली बहुतेक जातात हार्ट, शुगर, फुप्फुसं असल्या साध्या आजारांनी, जे आपल्याला बोटांनी, कानांनी, वजनकाट्यानं पकडता येतात. आणि आपला विषय अंगापासून कधी वेगळा नव्हताच गं. शंभर वर्षांपूर्वी युरोपातले मनोरुग्ण वॉर्ड सिफिलिसनं मेंदू गेलेल्यांनी भरलेले असायचे, ते डॉक्टर डोळ्याच्या बाहुल्यांवरून ओळखायचे, जवळचं बघताना बाहुली लहान होते पण उजेडाला हलत नाही. १९१३ मधे नोगुची आणि मूर यांनी असल्या पेशंटच्या मेंदूत तो जंतू दाखवला आणि १९२७ चं नोबेल वॅगनर-यौरेगला मिळालं ते याच आजाराच्या उपचारासाठी, तो सायकियाट्रिस्टच होता.

सुरुवात कुठून, तर उद्याच्या एका अ‍ॅडमिशनपासून. रोज एकच पेशंट पूर्ण, डोक्यापासून पायापर्यंत, केस शीट उघडायच्या आधी. मी पोरांना पेशंट चालताना बघायला लावते, दारातून आत येतानाच, कारण हात झुलतात का, वळताना किती पावलं टाकतो, इथंच निम्मं कळतं. मग नाडी पूर्ण एक मिनिट, बीपी बसून आणि उभं राहून, जीभ, मान, हात. टोन (स्नायूंचा ताण) बघताना कोपर सावकाश वाकव आणि पेशंटला दुसऱ्या हातानं मांडीवर थापट्या मारायला सांग, लपलेला कडकपणा वर येतो. रिफ्लेक्स येत नसेल तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला लावायचं, एवढं विसरलेलं आठवलं तरी परवासारखी फजिती होणार नाही. हॅमर मनगटातून सैल पडू द्यायचा, मारायचा नाही. अँकल जर्क (घोट्याचा रिफ्लेक्स) काढून झाल्यावर लगेच पुढं जाऊ नको, पाय परत जागेवर किती सावकाश येतो ते बघ, रेंगाळला तर थायरॉइड पाठव, 'रेझिस्टंट डिप्रेशन' म्हणून आलेल्या दोन बायका मला अशाच सापडल्या. न्यूरॉलॉजीचं पोस्टिंग असेल तेव्हा सुट्टी समजून घालवू नको, तिथल्या रजिस्ट्रारला रोज म्हण माझ्यासमोर एक कर आणि मग मला करू दे, बघ.

जे केलं नाही ते एनएडी लिहायचं नाही. पेशंटनं हात लावू दिला नाही तर 'लावू दिला नाही, संध्याकाळी परत बघते' असं लिही, आणि संध्याकाळी जा.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझा मुलगा २६ वर्षांचा आहे, स्किझोफ्रेनिया आहे, दोन वर्षांपासून क्लोझापिन चालू आहे आणि आवाज येणं खूप कमी झालं, देवाची कृपा. पण वजन ६२ चं ८४ झालं, चार-चार दिवस संडासला होत नाही. डॉक्टरांना सांगितलं तर गोळ्यांनी होतंच म्हणतात आणि तेच पुढं लिहून देतात. एकदाही त्याला टेबलवर झोपवून तपासलं नाही. आम्ही तपासा म्हटलं तर त्यांना राग येईल का? — एक आई, वर्धा रोड

उत्तर : ताई, नि:संकोच म्हणा. रागावण्यासारखं यात काहीच नाही, आणि कोणी रागावलंच तरी म्हणा. मानसिक आजाराच्या पेशंटला इतर कोणत्याही आजाराच्या पेशंटसारखीच वागणूक मिळाली पाहिजे हे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात लिहिलेलं आहे.

गोळ्यांनी होतंच हे खरं आहे, पण म्हणूनच जास्त बघायला पाहिजे. क्लोझापिननं आतड्यांची चाल मंदावते, आणि ही साधी कब्जियत समजून सोडून दिल्यामुळे जीव गेल्याचेही प्रकार झाले आहेत. घरी एक वही करा, संडासला कधी झालं ते रोज लिहा. तीन दिवस झालं नाही तर डॉक्टरांना कळवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. पोट फुगलं, दुखतंय, उलट्या होताहेत, गॅसही सरत नाही, असं झालं तर त्याच दिवशी कॅज्युअल्टीत न्या आणि दारातच सांगा की क्लोझापिन चालू आहे. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, आवाज परत येतात आणि फार जोरात येतात.

पुढच्या व्हिजिटला एवढं मागा : वजन, बीपी, कमरेचा घेर टेपनं मोजून, उपाशीपोटी शुगर आणि चरबीची तपासणी, आणि पोटाला हात लावून बघणं. रक्ताचे सेल तर तुम्ही नेमानं तपासत असालच. आपल्याकडच्या पुरुषांत घेर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बायकांत ८० च्या वर गेला की सावध व्हायचं. मुलाच्या मानेमागं, काखेत कातडी काळी आणि मखमलीसारखी जाड झाली असेल तर तेही दाखवा, आया मळ समजून घासत बसतात पण ते शुगर येऊ घातल्याचं चिन्ह असतं. जीभ तोंडात आपोआप वळवळते, ओठ चघळल्यासारखे हलतात, असं दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, ओपीडीच्या पाच मिनिटांत ते दिसेलच असं नाही. आणि बावीस किलो वाढले यात त्याचा आळस नाही हो, त्याला घरात कोणी त्यावरून बोलत असेल तर तेवढं थांबवा.

प्रश्न : मॅम, मी जेआर-वन, मुलगा आहे. फीमेल पेशंटला तपासायची भीती वाटते, उद्या काही आरोप झाला तर? आणि पॅरॅनॉइड पेशंट तर जवळच येऊ देत नाही. दुसरं म्हणजे सामान काय काय घ्यावं?

उत्तर : भीती वाटते ते बरोबरच आहे, पण भीतीपोटी बाई पेशंट न तपासता ठेवली तर त्या भंडाऱ्याच्या बाईसारखं होणार. सिस्टर किंवा मावशीला सोबत घेतल्याशिवाय पडदा ओढायचा नाही, आणि कोण सोबत होतं ते नावानिशी लिहायचं. काय करणार ते आधी सांग, विचार, करू का, आणि एका वेळी एकच भाग उघडा करायचा, झाला की झाकायचा. काही बायकांसोबत पूर्वी वाईट झालेलं असतं, त्या सांगत नाहीत, नुसत्या आक्रसतात, असं झालं की हात तिथंच थांबव आणि लेडी रजिस्ट्रारला बोलाव.

पॅरॅनॉइड पेशंटच्या मागं जाऊन उभं राहू नको, दार त्याला दिसत राहू दे. टॉर्च आधी स्वतःच्या डोळ्यात मारून दाखव, स्टेथो त्याच्या हातात दे, त्याला तुझी छाती ऐकायची असेल तर ऐकू दे. एका काकांनी माझे ठोके ऐकून म्हटलं होतं, "तुमचे तर माझ्यापेक्षा जोरात होऊन राह्यले", आणि मग स्वतः शर्टाची बटणं काढली. तपासताना माणसं बोलतातही, समोर बसून तासभर जे निघत नाही ते नाडी धरलेली असताना निघतं, हाताला पट्टा गुंडाळताना जुने कापल्याचे वण दिसतात आणि तिथून विषय सुरू होतो.

सामानाचं, मेडिकल चौकात सर्जिकलची दुकानं आहेत तिथं जा. हॅमर लांब दांड्याचा घे, छोटा तिकोनी घेऊ नको, त्यानं अँकल जर्क नीट निघत नाही. पेन टॉर्च पांढऱ्या पण मंद उजेडाचा, शिंप्याची टेप, आणि ट्यूनिंग फोर्क १२८ चा, दुकानदार ५१२ चा देईल तो कानासाठी असतो, बदलून घे. १२८ चा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवून विचारायचं, झिणझिण कळते का, कधी थांबली. शाकाहारी घरातले, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, दारू पिणारे, यांच्यात बी-१२ कमी निघतं आणि विसरणं, चिडचिड, संशय, उदासी यांतलं काहीही घेऊन ते आपल्याच ओपीडीत येतात. दारूच्या पेशंटला ग्लुकोजची सलाइन लावायच्या आधी थायमिन (बी-१) गेलं का ते बघायचं, आणि डोळे दोन्ही बाजूंना पूर्ण फिरतात का, बुबुळ थरथरतं का, हे त्याच पेन टॉर्चनं बघायचं. टॉर्चचे सेल मात्र जास्तीचे घेऊन ठेव, वॉर्डात नेमके रात्रीच संपतात.